अर्ज भरू का, मॅडम?

(कायदा आणि कोर्ट यांविषयीच्या वाचकांच्या पत्रांना या सदरात एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश उत्तरं देतात. या वेळची बहुतेक पत्रं न्यायाधीशपदाच्या परीक्षेबद्दलची आहेत.)

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. सनद घेऊन तीन वर्षं होत आली. आई-वडील दर हंगामात ऊसतोडीला जातात. मी वसतिगृहात राहून शिकले. जेएमएफसीची परीक्षा द्यायची आहे, पण सिनियर म्हणतात, "तुझी बोली अजून गावाकडची आहे. खुर्चीत बसणारा माणूस वेगळा असतो." इंग्रजीही जेमतेम आहे. मुलाखतीत घरची परिस्थिती सांगावी की झाकावी? अर्ज भरू का, मॅडम?
— एक वकील, बीड जिल्हा

भरा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे.

पहिल्यांदा इंग्रजीची भीती काढू. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग, म्हणजे आपलं जेएमएफसी, ही परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. पूर्व परीक्षा 100 गुणांची, पर्यायी उत्तरांची. तिचे गुण शेवटच्या यादीत धरत नाहीत, ती नुसती चाळणी. मुख्य परीक्षेचे 100-100 गुणांचे दोन पेपर, एक दिवाणी बाजूचा, एक फौजदारी. त्यानंतर 50 गुणांची मुलाखत. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात. वरच्या कोर्टांचे निकाल इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजी वाचून नीट कळलं पाहिजे. पण ते फाडफाड बोलता यावं अशी अट कुठेही नाही. अट आहे ती मराठी बोलता-वाचता-लिहिता येण्याची आणि दोन्ही भाषांत इकडून तिकडे भाषांतर करता येण्याची. राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी आहे. इंग्रजी शाळांत शिकलेली पोरं या अटीपाशी कशी घाम पुसतात, ते मी पाहिलंय.

अभ्यासाचं एकच सांगते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झालेत, तेव्हा रद्दीच्या भावात मिळणारी जुनी पुस्तकं घेऊन बसू नका. जुनी कलमं मात्र विसरूही नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडसंहितेखालीच चालतायत, आणि नेमणूक झाल्यावर तुमच्या बोर्डावर तेच खटले असतील.

आता तुमच्या सिनियरांच्या 'गावाकडच्या बोली'कडे येते. तुम्ही रोज कोर्टात उभ्या असता, त्यामुळे हे तुम्ही पाहिलंच असेल. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, पण त्याचे शब्द जसेच्या तसे कागदावर येत नाहीत. न्यायाधीश ऐकतो, समजून घेतो आणि स्वतःच्या वाक्यांत स्टेनोला सांगतो. स्टेनो जे टाइप करतो तो पुरावा. अपील झालं की जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, सगळे तोच कागद वाचतात. पिंजऱ्यातला आवाज ऐकलेला न्यायाधीश फक्त खालचा. त्याला जे कळलं नाही ते वर कुणालाच कधी कळत नाही.

समजा, तुमच्या भागातली एखादी बाई साक्षीला आली आणि म्हणाली, "उचल फिटली नव्हती, मुकादमानं अर्धा कोयता धरला." आता उचल म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, आणि 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे ज्याला ठाऊक नाही तो न्यायाधीश काय लिहून घेईल? कोयता हातात धरला, असं! मुकादमानं तिला एकटीला धरून निम्मा हिशेब लावला, हे सांगणारी साक्ष हत्यार उगारल्याची होऊन बसेल. पुढे उलटतपासात वकील तिलाच विचारणार, "पोलिसांपुढच्या जबाबात कोयता उगारल्याचं का सांगितलं नाहीस?" झाली विसंगती. सुटला माणूस.

तीच गोष्ट तारखांची. दिवाळीच्या सुमारास तुमच्याकडची गावं रिकामी होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडात असतात. जानेवारीतली तारीख लावली तर साक्षीदार येत नाही. मग समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. ज्या न्यायाधीशाच्या घरातून माणसं फडावर गेली आहेत तो गुढीपाडव्यानंतरची तारीख देईल आणि साक्ष एका दिवसात उरकेल. त्यासाठी कायद्याचं एकही कलम बदलावं लागत नाही. न्यायपालिकेतली विविधता, विविधता म्हणून जे भाषणांत सांगतात, ते तालुका कोर्टात तारखेच्या रकान्यात असं दिसतं.

माझे वडील कोर्टात बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारे, होते. घरात सायकल, खाकी पिशवी आणि समन्सांच्या गठ्ठ्याची चर्चा. पुढे मी खुर्चीत बसल्यावर 'घर बंद, प्रतिवादी मिळून आला नाही' असा अहवाल समोर आला की तो घराच्या दारातून लिहिलाय की एसटी स्टँडवरच्या हॉटेलातून, हे मला बऱ्याचदा ओळखू यायचं. लॉ कॉलेजच्या कुठल्या पेपरात हे शिकवत नाहीत. माझ्याबरोबरच्या, वकिलांच्या घरांतून आलेल्या न्यायाधीशांना हे दिसत नसे. त्यांना इतर पुष्कळ गोष्टी दिसत, ज्या मला दिसत नसत. दुपारच्या सुट्टीत आम्ही एकमेकांना विचारत होतो.

तुम्ही बाई आहात, त्याचीही एक थेट गरज कायद्यातच लिहिलेली आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 प्रमाणे लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पीडितेचा जबाब शक्य तोवर महिला न्यायदंडाधिकाऱ्यानं नोंदवायचा. ती नसेल तर पुरुष दंडाधिकाऱ्यानं, पण एखाद्या बाईच्या उपस्थितीत. तालुक्यात महिला दंडाधिकारी नसली की पोरीला घेऊन पोलीस कुठे कुठे फिरतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मुलाखत. परिस्थिती सांगूही नका, झाकूही नका. म्हणजे असं: कुणी विचारलं नसताना कष्टांची कहाणी सुरू केलीत तर मंडळ सहानुभूतीनं मान हलवेल, पण गुण देणार नाही. समोर लोकसेवा आयोगाचे आणि हायकोर्टाचे लोक असतात, त्यांनी अशा कहाण्या ढिगानं ऐकल्यात. मात्र वेठबिगारी निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्यावर प्रश्न आला, किंवा साक्षीदार कोर्टात का येत नाहीत असं विचारलं, तर तुम्हाला जे माहीत आहे ते मंडळातल्या कुणालाच माहीत नसेल. उचल काय असते, ती कधी दिली जाते, फिटली नाही तर पुढच्या हंगामात काय होतं, हे कायद्याच्या कलमाला जोडून शांतपणे सांगा. मग "तुम्हाला हे कसं ठाऊक?" असं तेच विचारतील. तेव्हा एका वाक्यात घरचं सांगा आणि थांबा.

आणि बोली सुधारायच्या मागे लागू नका. निकालपत्राची भाषा शिकावी लागते, ती सगळ्यांनाच शिकावी लागते. उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण असतं ते कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी यंदा एलएल.बी. झाली. आम्हाला वाटलं होतं लगेच परीक्षा देईल. आता म्हणतात तीन वर्षं वकिली केल्याशिवाय अर्जच करता येत नाही. मी रिक्षा चालवतो. तीन वर्षं बिनपगारी उमेदवारी कशी परवडायची? हा गरिबांना बाहेर ठेवायचा नियम नाही का?
— एक पालक, सोलापूर

तुमचा राग मला समजतो, आणि तो पूर्ण चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

आधी नियम काय तो पाहू. 1993 साली सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली, 2002 साली ती काढली, आणि 20 मे 2025 च्या निकालानं पुन्हा आणली. मधल्या काळात महाराष्ट्रात नव्या पदवीधरांसाठी वेगळी वाट होती. पहिल्याच प्रयत्नात सगळ्या परीक्षा पास आणि शेवटच्या वर्षाला किमान 55 टक्के, अशी तिची अट. आताच्या निकालाप्रमाणे वर्षं मोजायची ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून. म्हणून मुलीला सांगा, सनदेचा अर्ज आजच्या आज करायचा. अखिल भारतीय बार परीक्षेच्या निकालाची वाट पाहत बसू नये. अनुभवाचं प्रमाणपत्र किमान 10 वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं लागतं आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांची सही. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. अर्जापूर्वी त्या वेळची जाहिरात मात्र ओळन् ओळ वाचायची, कारण शेवटी चालतं ते जाहिरातीत छापलेलं.

कायद्याच्या बाजूनं मला हा नियम पटतो. दावा कसा दाखल होतो, पक्षकार वकिलाला काय सांगतो आणि वकील कोर्टाला काय सांगतो, यातलं काहीच न पाहता चोविसाव्या वर्षी खुर्चीत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. कलमं तोंडपाठ, आणि बार रूममधले चार मुरलेले वकील त्यांना दिवसभर तारखांवर तारखा मागून नाचवतात.

पण पैशाच्या बाजूनं पाहिलं तर हा नियम सगळ्यांवर सारखा पडत नाही. वकिलाच्या मुलीची तीन वर्षं वडिलांच्या ऑफिसात जातात; तुमच्या मुलीची रोजच्या बसभाड्यात. ज्युनियरना शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये केली खरी, पण ती शिफारस आहे. बहुतेक ठिकाणी अजून सिनियरच्या मर्जीवर आणि पक्षकाराच्या खिशावर सगळं चालतं. मुलीही यातच गळतात. घरचे म्हणतात, कमाई नाही तर लग्न करून टाकू. तेवढं तुम्ही करू नका, हे माझं हात जोडून सांगणं.

काय करता येईल? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव द्यावं. आरोपींसाठी मोफत बचाव वकिलांची कार्यालयं आता बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. तिथल्या सहायक पदांसाठी नव्या वकिलांना घेतात, आणि दरमहा मानधन मिळतं. खटले रग्गड, अनुभव खराखुरा. मोठ्या नावाच्या सिनियरपेक्षा मध्यम वकील बरा, ज्याच्याकडे दावे खूप आणि ज्युनियर कमी. तिला पहिल्या वर्षात स्वतः उलटतपास घ्यायला मिळेल. तीन वर्षांनी निवड झालीच तर मूळ वेतन 77,840 पासून सुरू होतं, त्यावर भत्ते वेगळे. हिशेब मांडून पाहा.

प्रश्न : न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग न्यायाधीश बाई आहे की पुरुष, कुठल्या जातीचा, कुठल्या भागातला, याची मोजदाद कशाला? पुरावा पाहून निकाल द्यावा. कायदा एकच आहे ना?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

काका, कायदा एकच आहे. पण कायदाच न्यायाधीशाला सांगतो की काही गोष्टी स्वतःच्या डोक्यातून आणायच्या. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 114, नव्या साक्ष अधिनियमातलं 119. त्यात म्हटलंय, घटनांचा स्वाभाविक क्रम, माणसांची वागण्याची रीत आणि व्यवहाराची नेहमीची पद्धत लक्षात घेऊन न्यायालय एखादी गोष्ट घडली असं गृहीत धरू शकतं. माणसांची वागण्याची रीत! कुठल्या माणसांची, ते कलमात लिहिलेलं नाही. ते न्यायाधीश ठरवतो, आणि स्वतःभोवती जी माणसं पाहिली त्यांच्यावरून ठरवतो. दुसरं काय करणार?

याचं सर्वांत कडू उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. 1972 साली विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या कोवळ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली; भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा फरक त्या न्यायमूर्तींनी ओळखला. सुप्रीम कोर्टानं 1978 मध्ये पुन्हा सोडलं. का? अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही. रात्री पोलीस ठाण्यात एकटी सापडलेली गरीब मुलगी खाकी वर्दीपुढे ओरडेल, ही त्या कोर्टाची 'माणसाची वागण्याची रीत' होती. पट्टी होतीच की डोळ्यांवर! पुरावाही तोच होता, जो नागपूरनं पाहिला.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात 114-अ आलं: पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी झालेल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ती नव्हती असंच धरायचं. म्हणजे संसदेला न्यायाधीशांना लेखी सांगावं लागलं की या बाबतीत तुमच्या डोक्यातली रीत वापरू नका.

पत्र लिहिणाऱ्या चौघांत दोन पुरुष होते, आणि नागपूरला शिक्षा देणारे न्यायमूर्तीही पुरुषच. उलट 2021 मध्ये, त्वचेचा त्वचेला स्पर्श नसेल तर पॉक्सोखाली, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखाली, लैंगिक हल्ला होत नाही असा निकाल त्याच नागपूर खंडपीठातून आला, तो एका महिला न्यायमूर्तींचा. सुप्रीम कोर्टानं तो त्याच वर्षी फिरवला. तेव्हा बाई बसवली की न्याय झाला, असलं काही मी म्हणत नाही. जातीचंही तेच. माझं म्हणणं इतकंच की पाचशे न्यायाधीशांची डोकी एकाच वस्तीत घडली असतील तर सगळे एकच गोष्ट 'स्वाभाविक' धरतील, आणि त्यांतल्या कुणालाच ती गोष्ट तपासून पाहावीशी वाटणार नाही. शेजारच्या कोर्ट हॉलमध्ये वेगळ्या घरातून आलेला माणूस बसला असेल तर निदान चहाच्या वेळी वाद होतो.

बाकी, सुप्रीम कोर्टाच्या ग्रंथालयात न्यायदेवतेचा नवा पुतळा बसवला, त्याच्या डोळ्यांवर पट्टी नाही. मला पुतळ्यांत फारसा रस नाही. तुम्ही विषय काढलात म्हणून सांगितलं.

प्रश्न : हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला अर्ज कुठे करायचा?
— एक विद्यार्थी, नांदेड

कुठेच नाही. राज्यघटनेच्या कलम 217 प्रमाणे 10 वर्षं हायकोर्टातली वकिली किंवा 10 वर्षं न्यायिक पद हवं, पण त्यासाठी जाहिरात निघत नाही. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं सुचवतात, ती सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमकडे, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे, आणि सरकारकडे जातात. इंग्लंडमध्ये 2006 पासून न्यायाधीश निवडणारा स्वतंत्र आयोग आहे, तिथे जाहिरात निघते आणि इच्छुक अर्ज करतात. आपल्याकडे वरच्या दोन मजल्यांना दार आहे, पण कडी आतून.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. सुप्रीम कोर्टाच्या स्वतःच्याच 2023 च्या अहवालात जिल्हा न्यायव्यवस्थेत महिला 36.3 टक्के होत्या, हायकोर्टांत 13.4 आणि सुप्रीम कोर्टात 9.3. जिथे जाहिरात निघाली, परीक्षा झाली, आरक्षण लागू झालं, तिथे मुली आल्या. जिथे कुणीतरी तुमचं नाव आठवावं लागतं, तिथे नाही आल्या. कॉलेजियम काढून आयोग आणा असं म्हणणारे बरेच आहेत. सरकारच्या हाती नेमणुका देण्याची मला भीती वाटते. पण नावं कुठल्या यादीतून आली, कुणाचा विचार झाला, हे छापायला काय हरकत आहे?

खालून वर जायचा रस्ताही आहे, तोही सांगते. जिल्हा न्यायाधीशांतून हायकोर्टावर नेमणुका होतात. थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर कलम 233 प्रमाणे सात वर्षांची वकिली लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं झालेल्यांनाही त्या थेट भरतीत उतरता येईल. लहान वयात सेवेत आलेल्यांना हे फार सोयीचं आहे, कारण हायकोर्टापर्यंत पोचायला वय हाताशी लागतं.

प्रश्न : मला पूर्ण अंधत्व आहे. एलएल.बी. करतो. मित्र म्हणतात, साक्षीदाराचा चेहरा न पाहता न्यायाधीश कसा होशील? अर्ज तरी स्वीकारतील का?
— एक विद्यार्थी, नाशिक

स्वीकारावाच लागेल. मध्य प्रदेशच्या नियमांत दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळलं होतं. तिथल्या एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि 3 मार्च 2025 रोजी सुप्रीम कोर्टानं तो नियम रद्द केला. केवळ अंधत्वामुळे कुणाला न्यायिक सेवेतून बाद करता येणार नाही, असा तो निकाल आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात झॅक याकूब 1998 ते 2013 अशी पंधरा वर्षं न्यायमूर्ती होते, लहानपणापासून अंध. आपल्याकडे तमिळनाडू आणि राजस्थानात दृष्टिहीन न्यायाधीशांनी काम केलेलं आहे.

चेहऱ्याचं म्हणाल तर मित्रांना सांगा, चेहरा पाहून खोटं ओळखतो असं म्हणणाऱ्या न्यायाधीशांचे कितीतरी निकाल अपिलात उलटतात. आवाज अडखळतो कुठे, वकिलानं प्रश्न विचारल्यावर उत्तराला किती वेळ लागतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ऐकू येईल.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. कोर्टात येणारे कागद स्कॅन केलेले असतात, निम्मे हस्तलिखित: फेरफार, पंचनामे, जुनी खरेदीखतं. स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. तेव्हा वाचून दाखवणारा माणूस मागावाच लागेल आणि तो मागण्यात कमीपणा नाही. आम्हालाही मोडी वाचणारा बोलवावा लागतोच की. परीक्षेसाठी लेखनिक आणि जादा वेळ यांची मागणी अर्ज भरतानाच नोंदवा, दिव्यांगत्वाचं ऑनलाइन प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, आणि लेखनिक कायद्याचा विद्यार्थी चालतो की नाही ते जाहिरातीतल्या सूचनांत आधी वाचा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून यातलं काहीही मिळत नाही.